काळजाकडची गाठ

पप्पा तेफिलीन बांधत असले की त्यांच्याशी बोलायचं नाही, हे मला चालता यायच्या आधी कळलं असावं.

तेफिलीन म्हणजे चामड्याच्या दोन काळ्या चौकोनी डब्या. आत चर्मपत्राच्या बारीक सुरळ्या, त्यांवर शाईनं हातानं लिहिलेली तोराहमधली, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातली वचनं. एक डबी दंडावर, दुसरी डोक्यावर, आणि दोन्हींना लांबलचक काळ्या वाद्या. यहुदी पुरुषानं सकाळच्या प्रार्थनेला त्या बांधायच्या. शनिवारी नाही, सणाला नाही, अंधार पडल्यावर नाही. आधी हातावरची, मग डोक्यावरची, आणि हातावरची आवळल्यापासून डोक्यावरची नीट बसेपर्यंत मध्ये एक शब्दही तोंडातून काढायचा नाही. तेवढ्यात दूधवाल्यानं बेल वाजवली तरी पप्पा फक्त भुवई उचलायचे. एकदा आईच्या पायावर कुकरचं झाकण पडलं आणि ती कळवळली, तर पप्पा हातावर वाद्या गुंडाळलेल्या अवस्थेत धावत आत गेले, तिला खुर्चीवर बसवलं, तिच्या पायावर पाणी ओतलं, सगळं मुक्यानं. मग परत बाहेर येऊन डोक्यावरची बांधली आणि तिथूनच ओरडले, "हाड मोडलं का गं?" आई पुढे कितीतरी वर्षं हे सांगून हसायची.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. पप्पा तरुणपणी कोकण सोडून इथल्या छावणीत मिलिटरीच्या वर्कशॉपात नोकरीला लागले आणि मग इथलेच झाले. आमच्या आजूबाजूला दुसरं यहुदी घर नव्हतं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते आम्ही इथं कधी पाहिले नाहीत. पप्पा एकटेच पूर्वेच्या खिडकीपाशी उभे राहायचे. लोक विचारायचे, तुम्ही ख्रिश्चन का मुसलमान? पप्पा सांगायचे, "आम्ही शनिवारवाले." विचारणाऱ्याचं त्यानं समाधान व्हायचं, कसं ते मला अजून कळलेलं नाही.

भाऊ इस्राएलला गेला, आई वारली, आणि मी शाळेत भूगोल शिकवत पप्पांबरोबर राहिले. त्यांची पंच्याऐंशी उलटल्यावर दुपारी त्यांना एकटं ठेवणं बरं दिसेना, म्हणून कन्नड तालुक्याकडच्या एका ताईंना ठेवलं. धनगराच्या घरातल्या, अंगानं काटक, शब्दाच्या पक्क्या. मी शाळेत जायच्या आधी त्या येत आणि मी परतले की जात. सकाळ मात्र माझी आणि पप्पांची.

तो रविवार होता. शनिवारी तेफिलीन नसते, म्हणून रविवारची सकाळ पप्पांना विशेष आवडायची. मी चहा घेऊन खोलीत गेले. ते खिडकीपाशी पाठमोरे उभे होते, सदऱ्याची बाही वर केलेली, घड्याळ काढून ठेवलेलं. मी कप ठेवला आणि वळता वळता थांबले. काहीतरी चुकत होतं. खोलीतलं एखादं कपाट रात्रीतून भिंत बदलून उभं राहावं तसं वाटलं. मग लक्षात आलं. डबी उजव्या दंडावर होती आणि डावा हात तिची वादी गुंडाळत होता.

नियम असा आहे की माणूस ज्या हातानं कामं करतो, त्याच्या दुसऱ्या हातावर तेफिलीन बांधायची. पप्पा उजवखुरे. सही, हातोडी, पत्ते पिसणं, सगळं उजव्या हातानं. माझ्या उभ्या आयुष्यात मी ती डबी त्यांच्या डाव्याच दंडावर पाहिली होती. त्या सकाळी त्यांचा डावा हात, ज्यानं त्यांना चहाचा कपसुद्धा धड धरता येत नसे, तो कोपरापासून मनगटापर्यंत वादीचे सात वेढे झरझर देत होता. सारख्या अंतरावर, वादीची काळी बाजू वर ठेवून. एकदाही अडखळला नाही. तरण्या हातासारखा चालत होता तो.

मला बोलता येईना. तो मधला वेळ होता. मी दाराशी उभी राहिले. त्यांनी डोक्यावरची डबी उचलली, पूर्वी जिथं केस सुरू व्हायचे त्या जागी बरोबर मधोमध बसवली, मागची गाठ मानेच्या वरच्या खळग्यात सरकवली. मग मी म्हणाले, "पप्पा, आज उजव्या हातावर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, ओळखीनंही नाही. दारावर आलेल्या अनोळखी बाईकडे पाहावं तसं. म्हणाले, "माझा हाच हात आहे." आणि प्रार्थना सुरू केली.

दिवसभरात ते पुन्हा नेहमीचे झाले. मला नावानं हाक मारली, पेपर वाचला, भाजीत मीठ जास्त आहे म्हणाले. पण जेवायला बसले आणि डाव्या हातानं भात कालवू लागले.

पुढचे काही आठवडे मी शाळेतून आले की ताई दारातच माझी वाट बघत असायच्या. आज काय झालं ते सांगितल्याशिवाय त्यांना घरी जाववत नसे. भांग उजवीकडे पाडला. चप्पल डाव्या पायात आधी घातली. एकदा म्हणाल्या, "मॅडम, आजोबा इचारत हुते, भरती कवा हाय? म्या म्हनलं, कसली भरती, मिलिटरीची? आता ह्या वयात काय करायचं भरतीला? तर हसले. म्हनले, अगं पाण्याची."

"पाण्याची?"

"व्हय. पाण्याला भरती असती व्हय मॅडम?"

मी त्यांना समुद्राची भरती-ओहोटी समजावून सांगितली. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण इथं कुठाय समुद्र?"

डॉक्टरांना दाखवलं. डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टर माणूस चांगला, नीट समजावून सांगणारा. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या ठिकठिकाणी बंद पडल्यात, म्हणाले, या वयात होतं. हाताचं विचारलं तर म्हणाले, "लहानपणी डावखुरे असतील. जुन्या काळी मारून मुटकून उजवा हात करायला लावायचे. आता तो धाक गेला, मूळचा हात वर आला." मला हे एकदम पटलं. येताना रिक्षात मी पप्पांचा डावा हात हातात घेऊन बसले होते, आणि मला हलकं वाटत होतं.

आता प्रश्न फक्त नियमाचा उरला होता. पप्पांना काही आठवो न आठवो, त्यांची तेफिलीन चुकीच्या हातावर जायला नको. ठाण्यात आमच्या नात्यातले एक वडीलधारे आहेत, वर्षानुवर्षं प्रार्थना चालवतात, आम्ही सगळे त्यांना हज्जनकाका म्हणतो. त्यांना व्हिडिओ कॉल केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "रोजची कामं आता डाव्या हातानं करतात ना? कायमची? मग उजव्या हातावर बांधू देत. पण त्याला गाठ बदलावी लागेल. जरा डबी दाखव बरं."

मी मखमली पिशवीतून हातावरची डबी काढून फोनसमोर धरली. त्यांनी चष्मा बदलला. म्हणाले, "फिरव. अजून फिरव. थांब."

ते स्क्रीनजवळ सरकले. मग म्हणाले, "ही बदलून घेतलीस कुणाकडून?"

"कुणाकडूनच नाही, काका. जशी आहे तशी आहे."

"अगं, ही डावखुऱ्याची गाठ आहे."

मग त्यांनी समजावलं. हातावरच्या डबीला चिकटून वादीची एक बारीक गाठ असते, यूद या हिब्रू अक्षराच्या आकाराची. ती नेहमी काळजाच्या बाजूला यावी लागते. डाव्या दंडासाठी ती एका अंगाला बांधतात, उजव्या दंडासाठी दुसऱ्या. पप्पांच्या डबीची गाठ पहिल्यापासून उजव्या दंडासाठी बांधलेली होती. वादीला तिथं इतका जुना मोड पडला होता की ती कधी सोडवलेली नाही हे उघड दिसत होतं.

"म्हणजे इतकी वर्षं," मी म्हणाले.

"इतकी वर्षं त्यांची गाठ बाहेरच्या अंगाला होती. काळजाकडे पाठ करून." काकांनी चष्मा काढला. "आणि तुझ्या पप्पांना हे ठाऊक नसेल असं मला म्हणवत नाही. मला पोरपणी गाठी त्यांनीच शिकवल्या, ठाण्याला सणाला यायचे तेव्हा. पाच मिनिटांचं काम होतं. कधी बोलले नाहीत."

फोन ठेवला तेव्हा दुपारचं लख्ख ऊन खोलीत होतं. पप्पा पलंगावर झोपले होते. उजव्या हातावर वादीचे सात वळ अजून दिसत होते. सकाळी बांधलेली तेफिलीन सोडली की हे वळ तासाभरात जातात. त्या दिवसांत ते जात नव्हते. म्हाताऱ्या कातडीला वेळ लागतो, हे मला समजत होतं. तरी मी त्यांच्या अंगावरची चादर ओढून तो हात झाकला.

आत्याला फोन केला. पप्पांची मोठी बहीण, नव्वदी ओलांडलेली, ठाण्यात मुलाकडे असते, कान तल्लख. मी म्हणाले, "आत्या, पप्पा लहानपणी डावखुरे होते का?"

"तुझा बाप? छे. तो नव्हता डावखुरा." मग तिनं पलीकडे कुणाला तरी पंखा बंद करायला सांगितलं. "डावखुरा दुसरा होता," आत्या म्हणाली.

पप्पांना थोरला भाऊ होता, हे मला त्या दिवशी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं. घरात त्याचा फोटो नव्हता. पप्पांनी आमच्यासमोर कधी उल्लेख केला नव्हता, आईला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. तेरा वर्षांचा झाला तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याच्यासाठी मुंबईहून तेफिलीन करून आणली, डावखुऱ्याची, सांगून बनवलेली. पुढच्याच वर्षी तो गावच्या खाडीत बुडाला. तेफिलीन पेटीत राहिली. पप्पा तेरा वर्षांचे झाले तेव्हा आजोबांनी तीच काढून दिली.

"पहिल्या दिवशी तुझ्या बापानं ती उजव्या हातावर बांधली," आत्या म्हणाली. "भावाला बघून बघून शिकला होता ना, तशीच. आमच्या बापानं ती सोडवली. म्हणाला, तो हात त्याचा. तुझा डावा. मग रडला आमचा बाप. त्यानंतर त्या पोराचं नाव घरात निघालं नाही."

मी विचारलं, कसा बुडाला? आत्या म्हणाली, "पाण्यात गेला, बुडाला. आणखी काय सांगायचं." मी पुढे विचारलं नाही.

हे मी ताईंना सांगितलं, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. मला वाटलं घाबरतील. त्या भांडी विसळत होत्या, विसळतच राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, म्या आमच्याकडं अंगात आलेली लई मानसं बघितली. ती घुमतेत, वरडतेत, केस सोडतेत. हे तसलं नाय. हे निवांत हाय. त्याचंच भ्या वाटतं." दोन-तीन दिवसांनी सकाळी पप्पांची बाही वर केली तर उजव्या दंडाला काळा दोरा. ताईंनी आदल्या दिवशी बांधला होता, गावाकडून मंतरून आणलेला. पप्पांनी तो पाहिला, दंड माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "कापून टाक. कातडीच्या अन् डबीच्या मध्ये काही नको." नियम तसाच आहे. मी कात्रीनं दोरा कापला. ताईंना वाईट वाटेल म्हणून तो त्यांना परत द्यायला गेले, तर त्यांनी तो घेतला नाही. म्हणाल्या, "म्हंजी आतल्याला चालंना," आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

मग पाण्याचा दिवस आला. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. आलं की सगळी गल्ली जागी होते, मोटारी सुरू होतात. आमच्या अंगणात जमिनीखाली हौद आहे, वर लोखंडी झाकण. त्या दिवशी पाणी दुपारी आलं. मी शाळेत होते. ताईंनी हौदात पाईप सोडला आणि आत मोटार सुरू करायला गेल्या. बाहेर आल्या तर पप्पा हौदाच्या काठाशी गुडघ्यांवर बसून आत वाकले होते. एरवी त्यांना पलंगावरून उठायला आधार लागायचा. डावा हात खांद्यापर्यंत आत घातलेला, बोटं पाण्याला टेकलेली, आणि हळू, लाडानं, ते आत बोलत होते, "वर ये. वर ये ना. मी धरलंय."

ताईंनी त्यांना मागून मिठी मारून ओढलं. ते काही झटापट न करता आले. ताईंनी झाकण लावून त्यावर पाटा ठेवला, तो मी पुढे कितीतरी दिवस उचलला नाही. मी आले तेव्हा पप्पा टॉवेल गुंडाळून बसले होते आणि पेपर वाचत होते. मी विचारलं, "पप्पा, हौदात काय पाहत होतात?" त्यांनी पान उलटलं. "हौदात? मी? काहीतरीच."

पुढे त्यांच्यातली ताकद उतरत गेली. डाव्या हातालाही वाद्या आवळता येईनात. मी हज्जनकाकांना विचारलं, मी बांधली तर चालेल का? बाईनं? ते थोडे घुटमळले. मग म्हणाले, "घरात पुरुष नाही, तर काय करणार. तू वादी गुंडाळ, पण शेवटचा आवळायचा हिसका त्यांच्या हातानं होऊ दे. बोटं त्यांची, जोर तुझा." मग फोनवर त्यांनी मला एकेक गोष्ट शिकवली. डबी दंडाच्या फुगीर भागावर, जराशी छातीकडे कललेली, हात खाली सोडला की काळजासमोर येईल अशी. वादी पिळली जाऊ द्यायची नाही. डोक्यावरची कपाळावर घसरता कामा नये, केसांच्या मुळाशी. आरशात बघून मध्य साधायचा. आणि मधल्या वेळात कुणी बोललंच तर डोक्यावरची बांधताना त्यांनी दुसरी बेराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणायची. न बोलता बांधली तर एकच. "पण ते आता त्यांच्या लक्षात कुठलं राहायला," काका म्हणाले.

ज्या वस्तूला मी उभ्या जन्मात बोट लावलं नव्हतं, ती मी रोज सकाळी पप्पांना बांधू लागले. चामडं हातात गार आणि ताठ लागायचं, चार वेढ्यांनंतर ऊबदार व्हायचं. उजव्या दंडावर ती गाठ आता बरोबर आतल्या अंगाला, छातीला टेकून बसायची. ते सुखावल्यासारखे डोळे मिटायचे. मी माझ्या वडिलांचं करत होते की चौदाव्या वर्षी गेलेल्या एका मुलाचं? नियम दोघांनाही पुरत होता.

ती सकाळही तशीच सुरू झाली. फाल्गुनातली होती. कडुनिंबाची पानं गळत होती, छावणीतून बिगूल ऐकू आला. पप्पांना मी खुर्चीत बसवलं होतं. त्यांनी बेराखा पुटपुटली, आम्ही दोघांनी मिळून वादी आवळली, मी सात वेढे दिले आणि डोक्यावरची डबी घ्यायला वळले. तो मधला वेळ. पंच्याऐंशी वर्षांचा हा माणूस त्या वेळात कधी बोलला नव्हता, आई कळवळली तेव्हासुद्धा नाही.

"धाकला कुठं हाय?"

आवाज पप्पांचाच होता, पण वर चढलेला, फुटू लागलेल्या आवाजासारखा चिरका. आणि तो शब्द. पप्पा कधी धाकला म्हणत नसत. तो गावाकडचा शब्द मी फक्त आत्याच्या तोंडून ऐकला होता.

ते माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत भीती होती, दुसऱ्या कुणासाठी असते तशी. "पान्यातना आला ना वर? मी ढकलला त्याला काठाकडं. त्याला पवता येत नाय. कुनी बघितला का?"

माझ्या हातात डबी होती. बोलायचं नसतं, हे त्याही क्षणी डोक्यात होतं. मग वाटलं, याला आता उत्तर दिलं नाही तर तो पुन्हा विचारायला येईल. मी खुर्चीजवळ खाली बसले. म्हणाले, "आला वर. धाकला घरी आहे."

"बरा हाय?"

"बरा आहे. मोठा झाला. लग्न झालं, मुलं झाली. म्हातारा झाला."

ते ऐकत होते. खांदे हळूहळू खाली आले. "मंग बरं," म्हणाले, आणि लहान मुलं टोपी घालून घ्यायला डोकं पुढं करतात तसं डोकं माझ्यापुढे केलं.

मी डबी बसवली. मध्य साधायला ती दोनदा सरकवावी लागली. आणि तेव्हा त्यांनी स्पष्ट, एकेक अक्षर सुटं, दुसरी बेराखा म्हटली. जी फक्त मध्ये बोलणं झालं तरच म्हणायची असते. मला नावानं हाक मारून त्यांना तेव्हा महिना झाला होता.

दारात ताई उभ्या होत्या, त्या दिवशी लवकर आलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, आत आल्या आणि पप्पांच्या पायांवर चादर घातली.

त्यानंतर भरतीचं विचारणं थांबलं. हात मात्र डावाच राहिला. जेवण, भांग, सगळं तसंच. मी डॉक्टरांना त्या सकाळचं सांगितलं. ते म्हणाले, लहानपणी पाहिलेलं मनात राहतं, वय झाल्यावर माणूस कुणाच्याही तोंडानं बोलू लागतो. असेल. मी वाद घातला नाही. वैशाखात पप्पांचं पोट बिघडलं. देह स्वच्छ राखता येत नसेल तर तेफिलीन बांधायची नाही, म्हणून ती पिशवीत गेली. त्या आठवड्याअखेर एका दुपारी, ताई त्यांना चमच्यानं पाणी पाजत असताना, ते गेले.

आमच्यात दफनाला उशीर करत नाहीत. गाडी करून मी त्यांना ठाण्याला नेलं, ताई सोबत आल्या. कब्रस्तानच्या फाटकापाशी हज्जनकाकांनी मला थांबवलं. माझ्या पर्समध्ये मखमली पिशवी होती. तेफिलीन घालून मेलेल्यांसमोर जायचं नसतं, म्हणाले. त्यांना आता बांधता येत नाही, तो त्यांचा उपहास होतो. पिशवीतली आत नेली तर हरकत नाही, पण नकोच. मी पिशवी गाडीत ताईंकडे दिली. ताई ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून काचा बंद करून बसल्या. दफन होऊन मी परत आले तेव्हा घामानं निथळल्या होत्या, पण काच खाली केली नव्हती.

शोकाचे सात दिवस मी आत्याकडे राहिले. भाऊ तिसऱ्या दिवशी पोचला. शेवटच्या दिवशी लोक गेल्यावर मी आणि आत्या जमिनीवर चटईवर बसलो होतो. मी तिला विचारलं, "आत्या, तो पप्पांना वाचवायला पाण्यात गेला होता ना?"

आत्यानं माझा दंड धरला. नव्वदीच्या बाईची ती पकड मला अजून आठवते. "कुनी सांगितलं तुला? हे मी, आई अन् बाप, तिघांनाच ठाऊक. पोराच्या जिवाला लागेल म्हणून गावात बोललो नाही. तुझ्या बापालाबी कधी म्हटलं नाही. तो सात-आठ दिवस तापात होता, उठला तेव्हा त्याला काही आठवत नव्हतं. तो पान्यात उतरला होता हेसुद्धा."

"नक्की आठवत नव्हतं?"

"बापानं नंतर कितीदा विचारून पाहिलं. काही नाही."

मग मी तिला ती सकाळ सांगितली. शब्द न् शब्द सांगितला. ती तोंडाला पदर लावून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "मी ढकलला त्याला काठाकडं, असं म्हणाला?"

"हो."

"अन् तू काय उत्तर दिलंस?"

मी सांगितलं. धाकला घरी आहे, बरा आहे, म्हातारा झाला.

आत्या बराच वेळ पुढे-मागे झुलत बसली. "चांगलं केलंस," ती म्हणाली. "पोर इतकी वर्षं थांबून होतं. आम्ही कुणी सांगितलंच नाही त्याला." मग तिनं मला आधार द्यायला सांगितलं, उठली, आणि आत जाऊन माझ्या भावाला हाक मारली की सगळ्यांसाठी चहा टाक, साखर जास्त घाल.